कानामागे हाडात स्क्रू बसवून ऐकू येतं, ते कसं? ऑपरेशनला होकार देण्याआधी हे वाचा

जळगाव/धुळे | ग्रामीण वार्ताहर

आधी एक प्रयोग करून बघा. मोबाइल व्हायब्रेटवर टाका. दोन्ही कानांत बोटं घालून कान गच्च बंद करा आणि घरातल्या कोणाला तरी तो मोबाइल तुमच्या कानामागच्या टणक हाडाला टेकवायला सांगा. घूं घूं आवाज आला ना? कान बंद होते, तरी आला. तो कानाच्या भोकातून नाही, कवटीच्या हाडातून आत गेला.

हाडात स्क्रू बसवून ऐकायच्या मशीनचं सगळं तंत्र या एवढ्या गोष्टीवर उभं आहे. आपल्याकडे या ऑपरेशनबद्दल दोन टोकांचं ऐकायला मिळतं. काही जण म्हणतात, "डोक्याला ड्रिल मारतात, मेंदूला लागलं तर?" काहींना वाटतं, बहिऱ्या माणसाला हा स्क्रू बसवला की झालं, लगेच ऐकू येणार. दोन्ही समज चुकीचे आहेत. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

कान म्हणजे तीन खोल्यांचं घर

पहिली ओसरी, म्हणजे कानाची पाळी आणि आत जाणारी नळी. मधल्या खोलीत पडदा आणि त्याला जोडलेली तीन बारीक हाडं. शेवटची खोली सगळ्यात आत, तिथे गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. खरं ऐकण्याचं काम तो शंख करतो आणि नसेवाटे मेंदूला कळवतो. ओसरी आणि मधली खोली फक्त आवाज आतपर्यंत पोहोचवतात.

आता बिघाड कुठे आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. शंख चांगला आहे पण बाहेरची वाट बंद आहे, अशा माणसाला हाडातून आवाज दिला की चांगलं ऐकू येतं. शंखच खराब असेल तर हाडातून कितीही आवाज द्या, तो ऐकणार कोण?

वाट बंद होण्याची कारणं आपल्या भागात भरपूर आहेत. सगळ्यात मोठं म्हणजे कान फुटणे. लहानपणी सर्दी झाली, कान दुखला, पू आला. कोणी कोमट तेल घातलं, कोणी बाजारातल्या कान साफ करणाऱ्याकडून काडी फिरवून घेतली. पाऊस लागला की कान वाहतो, उन्हाळ्यात सुकतो, असं वीस-वीस वर्षं चालतं. पडद्याला भोक पडतं, आतली हाडं झिजतात. अशा माणसाला कानात घालायचं साधं मशीन दिलं तर त्याचा साचा नळी बंद करतो, हवा लागत नाही आणि कान आणखी वाहतो. शेवटी मशीन डब्यात आणि माणूस पुन्हा बहिरा.

दुसरं कारण जन्मजात आहे. काही लेकरांना कानाची पाळी नीट आलेली नसते, मांसाची छोटी गाठ असते आणि भोकच नसतं. बहुतेकदा हे एकाच बाजूला होतं, आणि उजव्या बाजूला जास्त. दोन्ही बाजूंना झालं तर लेकरू जवळच्या मोठ्या आवाजाशिवाय फारसं काही ऐकत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. असं लेकरू जन्मलं की गावात पहिला दोष आईवर येतो. ग्रहणात भाजी चिरली असेल, सुई-कात्री हातात घेतली असेल. ती माय आयुष्यभर ते ओझं घेऊन फिरते. पोटातल्या बाळाचा बाहेरचा कान गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास घडायला लागतो. त्या वेळी कित्येक बायकांना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं, काहींना तेही नाही. त्या घडणीत कुठेतरी अडथळा आला की कान अर्धवट राहतो. ग्रहणाचा आणि चाकूचा त्याच्याशी काही संबंध नाही. चांगली बातमी अशी, की आतला शंख वेगळ्या भागापासून वेगळा तयार होतो. त्यामुळे बाहेरचा कान नसलेल्या बऱ्याच लेकरांचा आतला कान शाबूत असतो. "याले काही आयकू येत नाही" म्हणून ज्याला आपण सोडून देतो, त्याच्या घराचं फक्त दार बंद असतं.

हे ऑपरेशन कोणासाठी नाही

म्हातारपणामुळे ऐकू कमी येतं, जिनिंगमध्ये किंवा ऑइल मिलमध्ये वर्षानुवर्षं काम करून कान गेले, डीजेसमोर उभं राहून कानात शिट्टी वाजायला लागली, असे बहुतेक लोक यात बसत नाहीत. त्यांचा बिघाड शंखात किंवा नसेत असतो. त्यांना साधं श्रवणयंत्र लागतं आणि अगदीच काही ऐकू येत नसेल तर कॉक्लियर इम्प्लांटचा विचार होतो. कॉक्लियर इम्प्लांट हे पूर्ण वेगळं ऑपरेशन आहे. त्यात शंखाच्या आत तार घालतात. हाडाच्या स्क्रूत शंखाला हातही लावत नाहीत. नाव सारखं वाटतं म्हणून गोंधळ करू नका, कारण सरकारी योजनांचे कागदही दोन्हींचे वेगळे असतात.

कोणता बिघाड आहे हे कळतं कसं? कान-नाक-घसा डॉक्टरकडे एक चिमट्यासारखा लोखंडी काटा असतो, ट्युनिंग फोर्क. तो वाजवून आधी कानामागच्या हाडावर टेकवतात, मग कानासमोर धरतात. चांगल्या कानाला समोरचा आवाज मोठा वाटतो. वाट बंद असलेल्या कानाला हाडावरचा मोठा वाटतो. पाच मिनिटांची तपासणी, पण खूप काही सांगून जाते.

त्यानंतर ऑडिओग्राम काढतात. त्या कागदावर प्रत्येक कानाच्या दोन रेघा असतात, एक हवेतून ऐकण्याची आणि एक हाडातून ऐकण्याची. दोन्हींत मोठं अंतर असेल, साधारण ३० डेसिबलपेक्षा जास्त, तर हाडाच्या मशीनचा फायदा चांगला दिसतो. हाडाची रेघ ४५ डेसिबलच्या आत असेल तर नेहमीचा प्रोसेसर पुरतो, ५५ पर्यंत जास्त ताकदीचा लागतो आणि सगळ्यात ताकदीचा ६५ पर्यंत चालतो. डॉक्टरला हा कागद दाखवून "माझी हाडाची रेघ किती आहे?" एवढं विचारा. हा प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही.

एक कान पूर्ण गेला आणि दुसरा चांगला, अशांनाही हे मशीन देतात. मेलेल्या बाजूचा आवाज कवटीतून चांगल्या कानाकडे पोहोचतो. मात्र आवाज कोणत्या दिशेने आला हे त्याने कळत नाही. माझं मत विचाराल तर अशा माणसाने आधी पट्ट्यावरचं मशीन काही दिवस वापरून बघावं आणि मगच ठरवावं. काहींना ते फार उपयोगी पडतं, काही जण चार दिवसांत काढून ठेवतात.

आणि हेही विसरू नका. नुसतं पडद्याला भोक आहे, तर आधी पडद्याचं ऑपरेशन. कानात हाड कुरतडणारा रोग असेल, पू घाण वास मारत असेल, तर तो साफ करणं सगळ्यात आधी, कारण तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. ते सगळं करूनही कान वाहत राहिला किंवा ऐकणं सुधारलं नाही, की मग स्क्रूचा नंबर.

सशाच्या हाडातून निघालेली गोष्ट

स्वीडनमध्ये १९५० च्या दशकात पेर-इंगवार ब्रानेमार्क नावाचे डॉक्टर सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसं फिरतं ते बघत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियम धातूची छोटी नळी बसवली होती. काम झाल्यावर ती काढायला गेले तर निघेना. हाड धातूला इतकं घट्ट बिलगलं होतं की दोन्ही एक झाले होते. बांधावरच्या बाभळीला कधीकाळी तार गुंडाळलेली असते, दहा वर्षांनी बघावं तर ती झाडाच्या अंगात गेलेली, ओढली तरी येत नाही. साधारण तसं. फरक एवढाच की झाड तार गिळतं, हाड मात्र टायटॅनियमच्या अगदी अंगाला लागून वाढतं, मध्ये फट ठेवत नाही.

१९६५ मध्ये ब्रानेमार्क यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवून त्यावर दात लावले. आज जळगाव-धुळ्याच्या दवाखान्यांत दातांचे जे इम्प्लांट बसतात, त्यांचं मूळ तिथे आहे. पुढे १९७७ मध्ये गोथेनबर्ग शहरात कानाचे सर्जन अँडर्स टेलस्ट्रॉम यांनी तोच विचार कानामागच्या हाडाला लावला.

त्याआधी हाडातून ऐकायची मशीन नव्हती असं नाही. स्टीलच्या पट्ट्याने किंवा चष्म्याच्या काडीने कंप देणारं यंत्र कातडीवर दाबून धरायचे. दिवसभर दाब, डोकं दुखायचं, कातडी सोलायची, आणि मऊ कातडी-चरबीत अर्धा आवाज मरायचा. थेट हाडात स्क्रू गेला आणि ही सगळी भानगड मिटली.

ऑपरेशन बदलत गेलं ते असं

खरा त्रास हाडाचा कधी नव्हताच, कातडीचा होता. स्क्रूवर एक छोटी खुंटी असते. ती कातडीतून बाहेर येते आणि तिच्यावर मशीन अडकवतात. कातडीतून कायमची वस्तू बाहेर आली की तिथे घाण, ओल आणि जंतू जाण्याची वाट तयार होते.

सुरुवातीच्या सर्जनांचं म्हणणं होतं, खुंटीभोवतीची कातडी हलली की जखम होते, म्हणून ती हलूच द्यायची नाही. त्यासाठी ते खुंटीभोवतीची चरबी खरवडून काढायचे, केसांची मुळं काढायचे आणि कागदासारखी पातळ कातडी थेट हाडाला चिकटवायचे. काही वेळा दुसरीकडची कातडी आणून लावायचे. शिवाय सगळं दोन टप्प्यांत: आधी स्क्रू बसवून कातडी शिवून टाकायची, तीन-चार महिने थांबायचं, मग पुन्हा उघडून खुंटी लावायची. कानामागे रुपयापेक्षा मोठं टक्कल पडायचं, तो भाग बधिर व्हायचा आणि कधी कधी ती पातळ कातडी मरून काळी पडायची. इंटरनेटवर याचे जुने फोटो अजून फिरतात. ते बघून घाबरून माघारी फिरणारे लोक आहेत.

नंतर मोठी माणसं असतील तर दोन्ही टप्पे एकाच वेळी होऊ लागले. मग मोठ्या कापाऐवजी एक सरळ तीन-चार सेंटिमीटरचा काप आला, पण आतली चरबी काढणं चालूच होतं. २०११ मध्ये स्टॉकहोमच्या मालू हुल्टक्रांट्झ यांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी चरबी काढलीच नाही. कातडी जशी आहे तशी ठेवली आणि फक्त खुंटी जरा लांब वापरली. जखम लवकर भरली, बधिरपणा कमी, केस शाबूत. म्हणजे तीस वर्षं जी गोष्ट अत्यावश्यक समजून करत होते, तिची बहुतेक वेळा गरजच नव्हती. आज जगभर मोठ्या प्रमाणात हीच पद्धत वापरतात: सरळ छोटा काप, कातडी न खरवडता.

त्याच्याही पुढे छेद-पद्धत आली. यात काप घेतच नाहीत. पाच मिलिमीटरचा गोल पंच मारून कातडीचा तेवढाच तुकडा काढतात आणि त्याच भोकातून, नळी लावून, ड्रिल आणि स्क्रू आत जातो. टाका नाही, वेळ कमी, बधिरपणा जवळपास नाही. ऐकायला छान आहे, पण त्यात एक मेख आहे. सर्जनला हाड उघडं दिसत नाही, हाताच्या अंदाजावर काम करावं लागतं आणि पाणी आतपर्यंत पोहोचलं की नाही तेही बघावं लागतं. नेदरलँड्समध्ये ही पद्धत आणि सरळ काप समोरासमोर तपासले गेले. पंचच्या बाजूला कातडीचे काही फायदे दिसले, पण स्क्रू सुटण्याचे प्रकार तिकडेच जास्त झाले. संख्या लहान असल्यामुळे त्यावरून कायमचा निकाल देता आला नाही. म्हणून "बिनटाक्याचं करा" असा हट्ट धरण्यापेक्षा, डॉक्टरचा हात ज्या पद्धतीवर बसलाय ती पद्धत बरी, असं मला वाटतं.

टेबलावर नेमकं काय होतं

मोठ्या माणसाला जागा बधिर करून ऑपरेशन होतं, लहान मुलांना पूर्ण भूल देतात. कानाच्या भोकापासून मागे आणि थोडं वर, साधारण ५ ते साडेपाच सेंटिमीटरवर जागा ठरवतात. मशीन कानाच्या पाळीला, चष्म्याला किंवा हेल्मेटला लागू नये हा हिशोब असतो. लेकराची पाळी पुढे बनवायची असेल तर त्या सर्जनलाही विचारून स्क्रू आणखी मागे घेतात. हे आधी ठरलं नाही तर पुढे पाळी बनवायला कोरी कातडी उरत नाही.

मग ड्रिल. आधी फक्त ३ मिलिमीटर खोल जातात. थांबून तळ तपासतात, खाली हाडच आहे ना? असेल तर ४ मिलिमीटरपर्यंत जातात. स्क्रूच मुळात ३ किंवा ४ मिलिमीटर लांब असतो, गव्हाच्या दाण्यापेक्षाही आखूड. मेंदूवर जाड आवरण असतं. कधी ड्रिलचं टोक त्या आवरणापर्यंत पोहोचतं, बहुतेकदा त्याने काही बिघडत नाही. मेंदूला इजा होणं किंवा आत पू होणं हे फार क्वचित घडलेलं आहे. शून्य नाही, पण क्वचित.

ड्रिल करताना सतत सलाइनचं पाणी सोडतात. बोअर मारताना पाणी का सोडतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको, इथे कारण मात्र आणखी नाजूक आहे. हाड जिवंत असतं. त्याला ४७ अंशांची झळ मिनिटभर लागली तरी तिथल्या पेशी मरू शकतात. आपल्या जळगावचा मे महिना ४५ च्या आसपास जातो, म्हणजे अंतर किती थोडं आहे बघा. पेशी मेल्या तर हाड स्क्रूला धरत नाही आणि तो काही महिन्यांत हलायला लागतो. म्हणून ड्रिल थांबत थांबत, नवीन धारेच्या पात्याने आणि भरपूर पाण्यात चालवतात. स्क्रू आत घालताना मात्र उलटं, अगदी हळू आणि ठरलेल्या जोरानेच पिळतात. आमच्याकडे नट जास्त आवळला की आटे जातात, तिथेही तेच.

खुंटीवर प्लॅस्टिकची टोपी आणि खाली औषधाची पट्टी गुंडाळतात. सगळं मिळून अर्धा ते एक तास. मोठा माणूस त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. पट्टी आठवडाभराने काढतात.

मशीन मात्र लगेच लावत नाहीत. हाडाला धरायला वेळ द्यावा लागतो. पूर्वी तीन महिने थांबायचे. आता रुंद आणि खरखरीत पृष्ठभागाचे स्क्रू आल्यामुळे मोठ्या माणसाला तीन-चार आठवड्यांनीही लावतात. लहान मुलांना तीन ते सहा महिने. या काळात "पैसे भरले, मशीन का देत नाही?" म्हणून डॉक्टरशी भांडू नका.

काही प्रकारांत खुंटी बाहेर येतच नाही. कातडीखाली लोहचुंबक बसवतात आणि वर मशीन चुंबकाने चिकटतं. दिसायला नीट, रोज साफ करायची कटकट नाही. पण कातडी मध्ये आल्याने थोडा आवाज मरतो आणि चुंबक घट्ट असेल तर कातडी दुखते. ही अडचण ओलांडायला कंप देणारा भागच हाडात बसवायची पद्धत निघाली. ऑस्ट्रियातल्या मेड-एल कंपनीचं बोनब्रिज २०१२ पासून आहे, कॉक्लियर कंपनीचं ओसिया त्यानंतरचं. यात आवाज चांगला मिळतो, पण ऑपरेशन मोठं असतं, हाडात जास्त जागा कोरावी लागते, त्यामुळे आधी सीटी स्कॅन करतात. चुंबक आत असेल तर पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली की अडचण येऊ शकते. म्हणून इम्प्लांटचं कार्ड आधार कार्डासारखं जपा.

लेकरांचं काय? पाच वर्षं थांबायचं का?

लहान लेकराची कवटी पातळ असते, बऱ्याचदा ३ मिलिमीटरही नसते. स्क्रूला पकड मिळत नाही. अमेरिकेत पाच वर्षांखाली हे ऑपरेशन करायला परवानगी नाही. मुलांमध्ये स्क्रू सुटण्याचं प्रमाणही मोठ्यांपेक्षा जास्त असतं. खेळताना डोक्याला लागतं, हाड मऊ असतं. म्हणून काही सर्जन त्याच वेळी शेजारी दुसरा राखीव स्क्रू बसवून कातडीखाली झाकून ठेवतात. पहिला गेला तर दुसरा तयार.

पण "पाच वर्षांचा झाला की बघू" असं ऐकून घरी बसणं ही सगळ्यात मोठी हानी आहे. बोलणं शिकण्याची वर्षं पहिली तीन-चारच. ती गेली की नंतर कितीही महाग मशीन लावा, शब्द तसे येत नाहीत. यावर उपाय आहे आणि त्याला ऑपरेशन लागत नाही. मऊ इलॅस्टिकचा पट्टा असतो, हेअरबँडसारखा. त्यावर तेच प्रोसेसर लावतात आणि तो कानामागच्या हाडावर टेकतो. काही महिन्यांच्या बाळालाही चालतो. स्क्रूएवढा स्पष्ट आवाज मिळत नाही, पण आई "बाळा" म्हणते ते त्याला ऐकू येतं. पुढे तोच प्रोसेसर स्क्रूवर बसू शकतो, फक्त घेताना हे विचारून घ्या.

अंगणवाडी आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. जन्मजात बहिरेपणा त्यांच्या यादीत आहे. टीम आली की लेकराला घरी ठेवू नका. कान नाही म्हणून टोपी घालून लपवलेली लेकरं या तपासणीत सुटतात.

पैसा, कागद आणि फेऱ्या

स्क्रू स्वस्त नाही आणि प्रोसेसर तर नाहीच, खर्च लाखांत जातो. म्हणून शेत गहाण टाकण्याआधी क्रमाने जा. पहिली तपासणी धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात होऊ शकते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून ती ऐकण्या-बोलण्याच्या अपंगत्वावरच काम करते.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आपल्याला जुनी आहे. २ जुलै २०१२ ला ती राजीव गांधी जीवनदायी नावाने पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण योजना ठरलेल्या यादीतल्या उपचारांनाच पैसे देते. त्यामुळे भरती होण्याआधी आरोग्यमित्राला ऑपरेशनचं नाव डॉक्टरच्या चिठ्ठीसकट दाखवा आणि दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: ऑपरेशन बसतं का, आणि मशीनचे पैसे बसतात का. दोन्हींचं उत्तर एकच असेल असं धरू नका. टोल फ्री नंबर १५५३८८ आहे.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी कायदा दोन्ही कान बघतो. २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची घट असेल तर ऐकण्यास जड आणि ७० च्या वर असेल तर बहिरा, अशी व्याख्या आहे. एकच कान नसलेलं लेकरू यात बसत नाही, हे आधीच माहीत असलं की फेऱ्या वाचतात. दोन्ही कान बंद असलेल्या लेकराची घट साधारण ६० च्या आसपास येते, अगदी काठावर. म्हणून ऑडिओग्राम नीट, शांत खोलीत काढून घ्या.

मशीन विकत घेण्याआधी पट्ट्यावर लावून चार-आठ दिवस घरी, बाजारात, शाळेत वापरून बघायला मागा. विकणारा नाही म्हणाला तर दुसरीकडे जा. दुरुस्ती कुठे होते, सेल कुठे मिळतात, वॉरंटी किती वर्षं, हे बिलावर लिहून घ्या. सेल बटणासारखे असतात आणि तालुक्याला मिळतीलच असं नाही.

घरी आल्यावर

खुंटीभोवती रोज मऊ ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने साफ करायचं. हळद, तेल, चुना, राख, काहीही लावायचं नाही. न्हाव्याला आधी सांगून ठेवा, वस्तरा तिथे फिरवू देऊ नका. मळणीच्या दिवसांत आणि कापूस वेचताना डोक्याला सैल सुती रुमाल बांधा. गवताचा भारा किंवा हंडा डोक्यावर घेणाऱ्या बायकांनी चुंबळ त्या बाजूला घासणार नाही हे बघावं. अंघोळ, नदीत पोहणं आणि झोप, या तिन्ही वेळी मशीन काढून ठेवायचं. उघड्यावर ठेवलं तर कुत्र्याने चावल्याचे किस्से श्रवणयंत्र विकणारे नेहमी सांगतात, तेव्हा डब्यात ठेवा.

खुंटीभोवती थोडी लाली आली तर घाबरायचं कारण नाही, साफसफाई वाढवा. ओल राहिली किंवा दुखायला लागलं तर डॉक्टरचं मलम. लाल मांस वाढून खुंटीवर चढायला लागलं तर वाट न बघता दवाखाना गाठा, नाहीतर पुढे खुंटी काढायची वेळ येते. आणि स्क्रू बोटाने हलतोय असं जाणवलं तर स्वतः पिळून बघू नका.

पहिल्या दिवशी मशीन लावलं की कित्येकांना स्वतःचाच आवाज मोठा आणि परका वाटतो, भांडी वाजली तरी दचकायला होतं. दोन-चार आठवड्यांत मेंदूला सवय होते. त्या दिवसांत मशीन दिवसातून दोन तासांपासून सुरू करून हळूहळू वाढवा आणि लेकरू असेल तर त्याच्याशी समोर बसून, तोंड दिसेल असं बोला. शाळेत मशीन लावलेली बाजू गुरुजींकडे येईल अशा बाकावर बसवायला सांगा.